दुकानमालकांचा आवाज, दुकानाची जाहिरात: कोल्हापूर, दसरा-दिवाळी २०२५

२५ ऑगस्ट, सोमवार

चार गिऱ्हाइकं ठरली: साडीचं दुकान, भांड्यांचं दुकान, इलेक्ट्रॉनिक्सचं शोरूम आणि सराफी पेढी. चौघांचे एफएमवर प्रत्येकी २० सेकंदांचे स्पॉट, शिवाय सराफाचा केबल चॅनलसाठी २० सेकंदांचा व्हिडिओ. चारही ठिकाणी मालकाचाच आवाज.

आज फक्त शब्दांचा हिशोब. स्टेशन वेळ १० सेकंदांच्या पटीत विकतं. फाइल २०.४ सेकंदांची झाली तर एकतर शेवट कापला जातो, नाहीतर ३० सेकंदांचं बिल लागतं, वर १८ टक्के जीएसटी. सरावलेली निवेदिका २० सेकंदांत ४४-४५ मराठी शब्द आरामात बोलते. मालकाला ३६ च्या वर देऊ नयेत. दिले की तो शेवटच्या चार शब्दांवर धापा टाकतो आणि ते चार शब्द नेमके दुकानाच्या नावाचे असतात.

म्हणून वाटणी अशी: मालकाला २२ ते २४ शब्द, उरलेले १२-१४ निवेदिकेला. पत्ता, तारीख, सवलत, वेळ हे सगळं निवेदिकेकडे. फोन नंबर कोणाकडेच नाही. दहा आकडे म्हणायला पाच सेकंद जातात, म्हणजे पाव जाहिरात, आणि स्कूटर चालवणारा माणूस ते लिहून घेत नाही. त्याऐवजी खूण. ‘राजारामपुरी आठवी गल्ली’ हे तीन शब्द कोल्हापूरच्या माणसाला पुरतात.

चारपैकी दोघांनी ‘एमडीएचच्या आजोबांसारखं करूया’ असं म्हटलं. मसालेवाले महाशय धर्मपाल गुलाटींचं उदाहरण टीव्हीचं आहे, तिथे फेटा आणि मिशी अर्धं काम करून जातात. रेडिओसाठी जवळचं उदाहरण म्हणजे आखातातले ॲटलस रामचंद्रन. सराफ माणूस, आवाज काही निवेदकाचा नव्हे, पण ‘कोट्यवधी लोकांच्या विश्वासाची पेढी’ अशा अर्थाचं एकच मल्याळम वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणत राहिला, इतकं की नकलाकार ते उचलून धरायचे. वाक्य बदललं नाही, हीच त्यातली युक्ती.

२६ ऑगस्ट, मंगळवार

स्क्रिप्ट लिहायची नाही, काढून घ्यायची. प्रत्येक मालकाशी २५ मिनिटं गप्पा, मोबाइलवर रेकॉर्ड. प्रश्न साधे: गिऱ्हाईक दारात थांबून पहिलं काय विचारतं? घासाघीस कुठे अडते? माल परत आला तर काय करता? कुठला माल दुकानात ठेवायचाच नाही असं ठरवलंय?

साडीवाल्या मालकांनी वहीत लिहून आणलेलं वाक्य असं: ‘ग्राहकांच्या सेवेत गेली ४५ वर्षे तत्पर असलेले वस्त्रांचे भव्य विश्वसनीय दालन.’ हे कुठलाही दुकानदार कुठल्याही गावात म्हणू शकतो. गप्पांच्या सतराव्या मिनिटाला ते जे बोलले, त्यातून हे निघालं:

‘पैठणी घेताय? आधी उलटी करून बघा. हातविणीची असली तर पदर दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. मागं धागे लोंबत असतील, तर पैठणी म्हणून घेऊ नका. आमच्याकडंसुद्धा.’

मोजून २४ शब्द. स्तुतीचं एकही विशेषण नाही. ‘आमच्याकडंसुद्धा’ हा शब्द भाड्याच्या आवाजात खोटा वाटतो. मालकाच्या तोंडी तो हमीपत्र होतो. मालकाचा आवाज वापरायचा तो अशा शब्दासाठी. असा एकही शब्द निघाला नाही, तर मालकाला बोलवू नये, निवेदकाला पैसे द्यावेत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

जागांची पाहणी. पद्धत एकच: मध्यभागी उभं राहून एक टाळी, मग एक मिनिट गप्प.

साडीचं दुकान, वरचा मजला: टाळी जागच्या जागी विरते. तिन्ही भिंतींना छतापर्यंत साड्यांचे गठ्ठे, खाली गादी, वर पांढरी चादर. पंखा बंद केला तर गावातल्या निम्म्या स्टुडिओंपेक्षा ही खोली सरस आहे.

भांड्यांचं दुकान: टाळीनंतर सेकंदभर सगळं दुकान गुणगुणतं. माणूस बोलतानाही गुणगुणतं, कारण आवाजाच्या पट्टीशी जुळणारी एखादी घागर सापडतेच. अशी घुमणी नंतर नीट काढता येत नाही. ती प्रत्येक शब्दाच्या शेपटाला चिकटलेली असते. सराफी पेढी: काच, ग्रॅनाइट आणि एसी. नको. इलेक्ट्रॉनिक्स: फ्रिजचे कॉम्प्रेसर, शिवाय तीस टीव्ही. नको.

निर्णय: चारही रेकॉर्डिंग साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वेळ सकाळी ७ ते ९. गणपती बसलेत, संध्याकाळी चौकात ढोल आणि ‘डॉल्बी’. ढोलाचा गाभा ८० ते १५० हर्ट्झमध्ये आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया १०० ते १५० मध्ये. खालचे स्वर कापणारा फिल्टर लावला की ढोलाबरोबर मालकाची छातीही जाते. यावर सकाळी लवकर उठणं हा एकच उपाय.

३० ऑगस्ट, शनिवार

साडीवाले मालक. मायक्रोफोन शूर एसएम७बी, प्रीॲम्पवर (माइकचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) सुमारे ६० डीबी गेन, म्हणजे वाढ; रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तोंडापासून चार बोटं, समोर नाही तर ओठांच्या कोपऱ्याकडून तीसेक अंश तिरपा. मराठीत फ, भ, ख, घ हवा सोडतात. समोरून बोललं की ‘भरजरी’चा भ मायक्रोफोनवर थोबाडीत मारल्यासारखा बसतो. आवाजाची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास, कारण घाबरलेला माणूस तिसऱ्या टेकनंतर सैलावतो आणि अचानक मोठ्याने बोलू लागतो.

मालक आले ते तोंडात पान घेऊन. पान थुंकून, चूळ भरून, कोमट पाणी. चहा नको, दुधाने तोंड चिकट होतं आणि जीभ सुटताना टचटच आवाज येतो. हिरव्या सफरचंदाच्या दोन फोडी दिल्या, त्याने लाळ पातळ होते.

टेक १ आणि २: कागद हातात, एसटी स्टँडवरच्या घोषणेचा सूर. प्रत्येक वाक्याचा शेवट वर. कागद काढून घेतला. समोर दुकानातल्याच ताईंना गिऱ्हाईक म्हणून बसवलं आणि त्यांनी खरंच विचारलं, ‘काका, ही खरी आहे का?’ टेक ३ मध्ये सूर खाली आला.

उभं राहून आवाज मोकळा येतो हे खरं, पण हा माणूस पंचेचाळीस वर्षं गादीवर मांडी घालून बोलत आलाय. उभं केलं की हात कुठे ठेवायचे कळेना. गादीवर बसवलं, स्टँड खाली आणला. हातात साडी हवीच होती. रेशमी दिली तर तिची सळसळ थेट ‘स’च्या पट्टीत, म्हणून जुनं सुती लुगडं दिलं. अकरा टेक झाले. वापरणार तिसरा, त्यातलं शेवटचं वाक्य सातव्यातलं. निघण्यापूर्वी ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज. जोडकामातल्या फटी भरायला तो लागतो, पूर्ण शांतता टाकली तर कानाला खड्डा जाणवतो.

२ सप्टेंबर, मंगळवार

इलेक्ट्रॉनिक्सचे मालक, तिशीतले. आवाज चांगला, पण रेडिओ लागला की आरजे होतात: र ताणायचे, प्रत्येक तिसऱ्या शब्दावर हसू. सहा टेक गेले. मग मायक्रोफोन चालू ठेवूनच ‘झालं, संपलं’ म्हटलं आणि विचारलं, इन्स्टॉलेशनला माणूस कधी पाठवता? उत्तर: ‘संध्याकाळी सातच्या आत भिंतीवर लागला पाहिजे. नाय लागला, तर मी स्वतः येतो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन.’ हेच घेतलं.

५५ इंची टीव्हीची किंमत स्वतःच्याच तोंडून हवी असा हट्ट. ‘एकोणपन्नास हजार नऊशे नव्वद’ रेकॉर्ड केलं. मालकाच्या वाक्यात बदलणारा आकडा ठेवू नये असं सांगितलं होतं, इथे नोंदवून ठेवतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. ३२ इंचांवरचे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर, २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेला. ४९,९९० ची मूळ किंमत ३९,०५५ च्या आसपास. १८ टक्के लावून ४६,०८५. परवाचा आकडा रद्दी.

मालकांचा फोन: ‘मी गावाला आहे, एआयने माझा आवाज करून तेवढा आकडा टाका.’ करून पाहिलं. ‘शेहेचाळीस हजार’ मधला च दंत्य, म्हणजे ‘चमचा’तला, ज ‘जरा’तला. लिपीत दोन्ही च आणि दोन्ही ज एकच. यंत्राने च ‘चहा’चा केला आणि ज ‘जय’चा. कोल्हापुरात हे पहिल्या फटक्यात पकडलं जातं, आणि मग आधीचं खरं वाक्यही खोटं वाटायला लागतं. नको म्हणून कळवलं.

आकडा निवेदिकेकडे दिला. मालकाच्या वाक्यातून किंमत गेली, पण तिच्या आधीचा ‘फक्त’ जोडून आलेला असल्याने ते वाक्य पुन्हा घ्यावं लागणार.

११ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष लागलाय. सराफ घटस्थापनेआधी मायक्रोफोनसमोर येणार नाहीत, इलेक्ट्रॉनिक्सवालेही नाहीत. भांड्यांच्या दुकानातून मात्र निरोप आला: ‘बोलायला कसला पितृपक्ष?’

परवान्यावर नाव काकांचं आहे. गप्पांमध्ये काका दर उत्तराला काकींकडे बघत होते. काउंटरवर जो उभा राहतो तोच मालक, निदान रेडिओपुरता. काकींना घेतलं.

काकींचा वेग सेकंदाला तीन शब्द. ‘हळू बोला’ म्हणायचं नाही. म्हटलं की माणूस लहान मुलांशी बोलल्यासारखा बोलतो. त्याऐवजी शब्द कमी केले, २४ चे १८:

‘पितळंचं पातेलं घेताना वाजवून घ्या. टण्ण वाजलं तर घ्या. बद्द वाजलं तर चीर हाय. कल्हई आम्हीच लावून देतो.’

स्टेशनच्या स्क्रिप्ट तपासणीत ‘हाय’वर खूण आली, ‘आहे’ करा म्हणून. आम्ही परत पाठवलं. काकींना ‘आहे’ म्हणायला लावून पाहिलं होतं. त्या एका शब्दापाशी त्या थबकतात, आणि बोलणारी बाई शाळेत उभी राहून धडा वाचतेय असं होतं. बोली चुकीची नाही, जाहिरातीत चालते. अस्पष्ट बोलणं चालत नाही. ती वेगळी गोष्ट. ‘कल्हई’तला ल्ह मात्र गिळला जात होता, तो तीनदा घेतला.

‘टण्ण’ खराच हवा. २८ तारखेला ज्या घुमणीमुळे दुकान बाद केलं, तीच आता कामाची. दुकानात जाऊन पातेलं वाजवलं: मायक्रोफोन मीटरभर लांब, शिखर उणे १८ डीबी. धातूचा ठोका पातळी दाखवणाऱ्या मीटरवर दिसतो त्यापेक्षा खूप उंच उडतो, जवळून घेतला तर तुटतो आणि टण्णचा टक होतो. चिरलेलं पातेलंही मोडीतून शोधून वाजवलं. दोन ठोक्यांमधला फरक मोबाइलच्या स्पीकरवरही कळतो, तपासून पाहिलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

मिक्स. साडी आणि भांडी.

आधी ८० हर्ट्झच्या खाली कापलं (काकींना १००). २५० ते ३०० च्या दरम्यान ३ डीबी कमी, तिथे डबा वाजतो. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं साधन, ३:१, पकडायला (ॲटॅक) १० मिलिसेकंद, सोडायला (रिलीज) १०० च्या आसपास, सुई ४ डीबीहून जास्त पडू द्यायची नाही. स्टेशनचा प्रोसेसर पुढे पुन्हा दाबणारच आहे. इथेच चेपून दिलं तर दोन शब्दांमधला श्वास शब्दाइतका मोठा होतो आणि मालक दमेकरी वाटतो.

खरा घोळ ‘स’चा. एफएममध्ये पाठवताना वरचे स्वर उचलून पाठवतात आणि रिसीव्हरमध्ये तेवढेच खाली आणतात, खरखर कमी व्हावी म्हणून. आपल्याकडे हे प्रमाण ५० मायक्रोसेकंदांचं. म्हणजे ७ किलोहर्ट्झला साडेसात डीबीची, १५ ला साडेतेराची उचल. स्टुडिओत गोड वाटणारा ‘स’ ट्रान्समीटरच्या आधी मर्यादा ओलांडतो, मर्यादा राखणारा लिमिटर त्याच्यावर आपटतो, आणि हवेत ‘साडी’ची ‘थ्साडी’ होते. निवेदक स ताब्यात ठेवायला शिकलेला असतो, मालक नाही. बाजारातल्या माणसाच्या दातांत फट असली तर आणखी वाईट. ‘स’ची धार कमी करणारा डी-एसर ५.५ ते ७.५ किलोहर्ट्झ, ४-५ डीबी. वर १५ किलोहर्ट्झच्या पुढे काही ठेवायचं नाही; १९ ला स्टिरिओचा खुणेचा सूर (पायलट) असतो, तिथवर जाणारं काही स्टेशन जाऊ देतच नाही.

निवेदिकेचा टॅग, म्हणजे पत्ता-तारखेचा शेवटचा तुकडा, दीड डीबी खाली. तिचा आवाज घट्ट आणि सराईत, सारख्या पातळीवर ठेवला तर मालक तिच्यापुढे बुजतो.

संगीत: साडीवाल्यांना एका गाजलेल्या चित्रपटगीताची चाल हवी होती. हक्क घेतल्याशिवाय नाही. लायब्ररीतला संबळाचा तुकडा परवान्यासह घेतला, तोही फक्त टॅगखाली. मालकाच्या वाक्याखाली काहीच नाही. आधीची जाहिरात वाजवत-गाजवत संपते आणि मग एक माणूस नुसता बोलायला लागतो. तेवढ्यानेच कान वळतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

सराफांची स्क्रिप्ट, दाव्यांची तपासणी. ‘शंभर नंबरी सोनं’ काढलं. बोलीत ते चालतं, पण २२ कॅरेटचा दागिना ९१६, म्हणजे ९१.६ टक्के, आणि जाहिरातीत शुद्धतेचा शब्द हा दावा ठरतो. ‘जिल्ह्यात नंबर एक’ काढलं, कारण पुरावा मागितला तर द्यायला काही नाही. मजुरीवरच्या सवलतीच्या अटी जिथे येतील तिथे मराठीतच. दावा ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत, असं २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

उरलं ते जास्त चांगलं: ‘दागिना भिंगाखाली धरा. सहा अक्षरी नंबर दिसला पाहिजे. नंबर फोनवर तपासा, मगच पैसे द्या. भिंग काउंटरवर ठेवलंय.’ हा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कच्या दागिन्याचा ओळख क्रमांक, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ॲपवर तपासता येतो. कायद्याने जे सगळ्यांनाच बंधनकारक आहे ते मोठेपणा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ‘भिंग काउंटरवर ठेवलंय’ हे मात्र या पेढीचं.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

सकाळी ७ ला इलेक्ट्रॉनिक्सचं एक वाक्य, मग सराफ.

तीन आठवड्यांनी घेतलेलं एक वाक्य जुन्यात बसवणं सर्वांत किचकट. सकाळी आवाज खालच्या पट्टीत असतो, अंतर बदलतं, उत्साह बदलतो. २ तारखेला जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली होती, तोंड ते मायक्रोफोन दोऱ्याने मोजून दोरा पाकिटात ठेवला होता, गेनच्या बटणाचा फोटो होता. त्या दिवशीचीच वेळ ठेवली. हेडफोनमध्ये आधीचं वाक्य ऐकवत त्याच्या मागोमाग संपूर्ण वाक्य घेतलं, सुटा शब्द नाही. चौथ्या टेकला बसलं.

सराफांचं रेकॉर्डिंग २० मिनिटांत झालं. सावकाश, मोजून बोलणारा माणूस. काही करावं लागलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

सराफांचा व्हिडिओ, पेढीत, उघडण्याआधी. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २० सेकंदांना ५०० फ्रेम. शोकेसच्या एलईडी पट्ट्या लुकलुकत होत्या. शटर १/५० वर आणल्यावर थांबल्या. एसी बंद.

कॉलरचा छोटा माइक सदऱ्याच्या आत लावला तर कडक स्टार्चचा खरखराट, बाहेर लावला तर गळ्यातल्या साखळीचा किणकिणाट. सराफाला साखळी काढायला सांगणं बरं दिसत नाही, म्हणून साखळी आतल्या बनियनला दुहेरी टेपने चिकटवली आणि माइक दुसऱ्या बटणावर, हनुवटीपासून वीतभर खाली. वाचायच्या ओळी दाखवणारा प्रॉम्प्टर दीड मीटरवर होता तेव्हा डोळे डावीकडून उजवीकडे जाताना दिसत होते. तीन मीटरवर नेला, अक्षर मोठं केलं, ओळीत तीन शब्द. तरी वाचल्यासारखं वाटलं. शेवटी बंदच केला. वाक्यं चारच, ती त्यांचीच, त्यांना पाठ होती.

दुसरा कॅमेरा म्हणून वापरलेल्या मोबाइलचं चित्र शेवटी शेवटी ओठांच्या मागे पडलं. मोबाइल फ्रेम कमी-जास्त करत घेतो. आधी स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून मग एडिटला घ्यायला हवं होतं. घाईत राहिलं, दोन तास गेले.

चॅनलला आवाजाची सरासरी पातळी आर१२८ या प्रक्षेपणाच्या मानकाप्रमाणे उणे २३ एलयूएफएस हवी. रेडिओची फाइल तशीच पाठवली तर ते ती खाली ओढतात आणि शेजारच्या जाहिरातीपेक्षा ती मिळमिळीत वाटते. टीव्हीसाठी वेगळा मिक्स, कॉम्प्रेसर निम्मा.

२७ सप्टेंबर, शनिवार

हवेवर ऐकलं: रिक्षात, गाडीत, चहाच्या टपरीवरच्या एकाच स्पीकरच्या सेटवर. साडी ठीक. भांड्यांचा ‘बद्द’ टपरीवर ऐकूच आला नाही, लहान स्पीकरला खालचा आवाज झेपत नाही. ‘बद्द’मध्ये १ किलोहर्ट्झच्या आसपास ४ डीबी वाढवून फाइल बदलली. इलेक्ट्रॉनिक्सच्या टॅगची शेवटची अर्धी गल्ली कापली गेली: आमचीच चूक, संगीताची शेपूट धरून फाइल २०.३ झाली होती. १९.८ करून पुन्हा पाठवली.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला. ‘जाहिरात कुठे ऐकलीत?’ असं गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. माणसं सौजन्याने हो म्हणतात. गल्ल्यापाशी वही ठेवलीय, गिऱ्हाईक आपणहून ‘उलटी करून दाखवा’, ‘वाजवून द्या’ किंवा ‘भिंग कुठंय’ म्हणालं तरच एक रेघ. सर्वांत जास्त रेघा भांड्यांच्या वहीत. इलेक्ट्रॉनिक्सची वही कोरी. तिथलं वाक्य गिऱ्हाइकाने परत म्हणण्यासारखं नाही, ऐकून सोडून देण्यासारखं आहे. हे स्क्रिप्टच्या दिवशीच दिसायला हवं होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीसाठी मालकांची वाक्यं तीच, अक्षरही बदलायचं नाही. फक्त निवेदिकेचे टॅग नवे: साडीला पाडवा-भाऊबीज, भांड्यांना आणि सराफांना धनत्रयोदशी. साडीवाल्या मालकांना आता नवीन काहीतरी बोलायचंय. नाही म्हणून सांगितलं. मान्य नाही, पण थांबलेत.

सगळ्या टेकच्या मूळ फाइली चौघांना पेन ड्राइव्हवर दिल्या. आवाज त्यांचा, आमच्याकडची प्रत याच कामापुरती, असं बिलावर लिहिलं.

धनत्रयोदशी शनिवारी, १८ तारखेला. टॅग १४ ला रेकॉर्ड, १५ ला स्टेशनकडे. काकींचं पातेलं विकलं गेलंय. ‘टण्ण’ची मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवायची.